ओपन सोर्स प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकापर्यंत: डिपेंडन्सी, पॅकेज आणि इन्स्टॉलेशनची आखणी

तालुक्याच्या ठिकाणच्या एका जुन्या वाचनालयासाठी आम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ त्याला द्यायच्या. तो पानं वाचून मजकूर काढतो आणि प्रत्येक पुस्तकाचं सूचिपत्रक छापण्याजोग्या चित्राच्या रूपात तयार करतो. लिहायला तीन आठवडे लागले. वाचनालयातल्या दोन संगणकांवर बसवायला गेलो, तर सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत खटपट करूनही एकावर चालला, दुसऱ्यावर नाहीच. आधी टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन, सापडेना. ते टाकलं, तर त्याला मराठी येईना. मराठीचा डेटा घातला, तर पीडीएफ उघडेना, कारण पीडीएफची पानं चित्रात बदलणारं पॉपलर नव्हतं. सगळं जुळलं तेव्हा सूचिपत्रकावरच्या ‘किल्ला’ शब्दातली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर आलेली.

आमच्या कोडमध्ये बिघाड नव्हता. इन्स्टॉलेशन हे शेवटच्या दिवसाचं काम आहे, असं आम्ही धरून चाललो होतो, आणि सगळा गोंधळ तिथून झाला. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच प्रोग्रामच्या आधाराने सांगतो. तो पायथनमध्ये आहे, पण रस्टमध्ये किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिणाऱ्यालाही प्रश्न हेच पडतात: दुसऱ्याने लिहिलेल्या ज्या गोष्टींवर आपला प्रोग्राम उभा आहे त्यातली प्रत्येक गोष्ट वापरणाऱ्याच्या संगणकावर कोण आणणार, आणि पुढे तिची देखभाल कोण करणार? अशा गोष्टींनाच डिपेंडन्सी म्हणतात. आज्ञांची आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

पायरी १: खरी यादी करा

पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या ‘पिप’ या साधनाच्या ‘पिप लिस्ट’ने दाखवलेली यादी अपुरी असते, कारण तिला फक्त पायथनची पॅकेजं दिसतात. आमच्या प्रोग्रामची यादी नीट केली तेव्हा तिचे पाच थर निघाले.

पहिला थर म्हणजे पायथन स्वतः आणि त्याची आवृत्ती. दुसरा, निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली पॅकेजं. पायटेसरॅक्ट हे त्यातलं एक. ते स्वतः अक्षरं ओळखत नाही, फक्त टेसरॅक्ट नावाचा प्रोग्राम हाक मारून चालवतं. तिसरा थर सी भाषेतलं मशीन कोड पोटात असलेल्या पॅकेजांचा, जसं चित्रांवर काम करणारं पिलो आणि आकडेमोडीचं नमपाय. चौथा थर पायथनच्या बाहेरच्या प्रोग्रामांचा: टेसरॅक्ट आणि पीडीएफची पानं चित्रात बदलणारं पॉपलर. टेसरॅक्टच्या खाली चित्रं हाताळणारी लेप्टोनिका ही लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) आहे आणि लेप्टोनिकाच्या खाली पीएनजी, जेपेग, टिफ, वेबपी वाचणाऱ्या लायब्ररी. पाचवा थर डेटाचा. मराठी ओळखण्यासाठी प्रशिक्षित केलेली फाइल आणि सूचिपत्रकाचा देवनागरी फाँट.

बहुतेकांचा घात चौथ्या आणि पाचव्या थरात होतो, कारण ते कुठल्याच याद्यांमध्ये आपोआप येत नाहीत. आपल्या संगणकावर ते दोन वर्षांपूर्वी कधीतरी टाकलेले असतात आणि आपण विसरून गेलेलो असतो. म्हणून यादी आपल्या संगणकावर बसून करू नका. डॉकर या साधनात डेबियन या लिनक्स वितरणाचा कोरा कंटेनर, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळं ठेवलेलं रिकामं वातावरण, उघडा, त्यात प्रोग्राम टाका आणि प्रत्येक त्रुटीबरोबर काय घालावं लागलं ते कागदावर उतरवत जा. तो कागद म्हणजे तुमची खरी यादी. मशीन कोडच्या फायली कुठल्या लायब्ररी मागतात ते लिनक्सवर ‘एलडीडी’ सांगतं. अनोळखी फाइलवर मात्र ते चालवू नये, कारण काही परिस्थितीत ती फाइलच चालू होऊ शकते.

प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी लिहा: आवृत्ती, परवाना, नसल्यास काय अडतं, आणि ती थेट आपण मागितली की दुसऱ्या कुणीतरी ओढून आणली.

पायरी २: यादी छाटा

मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणाऱ्या जेमतेम अकरा ओळी होत्या त्या. तरी जगभरातले जावास्क्रिप्टचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करायची कामं, कोसळले, कारण मोठमोठ्या साधनांच्या यादीत खोलवर कुठेतरी ते होतं. त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. तरीही अकरा ओळींसाठी बाहेरच्या माणसावर विसंबायचं का, हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

आम्ही छाटणी करताना पहिलं काढलं ते पॉपलर. ते चांगलं नाही म्हणून नाही. पण विंडोजवर ते वेगळं आणून सिस्टीम जिथे प्रोग्राम शोधते त्या मार्गात (पाथमध्ये) घालणं वाचनालयातल्या कर्मचाऱ्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याऐवजी पायपीडीएफियम२ घेतलं. त्याच्या तयार पॅकेजातच पीडीएफियमची लायब्ररी येते, म्हणजे चौथ्या थरातली एक गोष्ट तिसऱ्या थरात आली आणि पिपने आपोआप बसू लागली. छाटणीत मी याच प्रकारच्या बदलाला सर्वांत जास्त किंमत देतो. पॅकेजांचा आकडा कमी होण्यापेक्षा वापरणाऱ्याच्या हातून करायच्या कृती कमी होणं महत्त्वाचं.

उलट्या बाजूलाही तोल जाऊ देऊ नका. चित्रांचे प्रकार वाचणं, संकेतीकरण (एन्क्रिप्शन), युनिकोडचे नियम, तारखा आणि कालविभाग या गोष्टी स्वतः लिहायला जाऊ नये. तिथे शेकडो लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत असते.

पायरी ३: परवाने आत्ताच तपासा

ही पायरी शेवटी ठेवली, तर अख्खा आराखडा बदलावा लागतो. टेसरॅक्टचा परवाना अपाचे २.० आहे, लेप्टोनिकाचा बीएसडी धाटणीचा. दोन्ही सोबत देता येतात, फक्त परवान्याचा मजकूर बरोबर ठेवायचा. पॉपलर जीपीएलखाली आहे, म्हणजे त्याच्याशी जोडून वाटलेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. ते स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवणं आणि त्याची लायब्ररी आपल्या प्रोग्राममध्ये जोडून वाटणं यात फरक पडतो. पीडीएफसाठी लोकप्रिय असलेलं पायम्यूपीडीएफ एजीपीएल या त्याहून कडक परवान्याखाली किंवा पैसे मोजून घेतलेल्या व्यावसायिक परवान्याखाली मिळतं. तुमचा प्रोग्राम एमआयटीसारख्या मोकळ्या परवान्याखाली असेल आणि उद्या कुणी तो बंद प्रणालीत वापरू पाहील, तर ही अडचण तुमच्यामुळे त्याच्या गळ्यात पडते.

फाँटकडे सर्वांचं दुर्लक्ष होतं. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखे फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. ते प्रोग्रामबरोबर देता येतात, नुसता फाँट मात्र एकटा विकता येत नाही. नेहमीच्या वापरातला एखादा सुंदर मराठी फाँट कुणाकडून तरी आलेला असेल आणि त्याचा परवाना सापडत नसेल, तर तो पॅकेजात घालू नका.

‘थर्ड पार्टी लायसन्सेस’ नावाचं फोल्डर पहिल्या दिवसापासून रेपोत, म्हणजे कोडच्या भांडारात, ठेवा. नवीन डिपेंडन्सी घेताना त्याच कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) तिच्या परवान्याचा मजकूर तिथे यायला हवा.

पायरी ४: प्रत्येक डिपेंडन्सीची जबाबदारी कुणाची ते ठरवा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. प्रत्येक नोंदीसाठी तीनच मार्ग असतात. एक, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पॅकेज व्यवस्थेकडून घ्यायची. दोन, भाषेच्या पॅकेज व्यवस्थेकडून, म्हणजे पायथनच्या बाबतीत पायपीआय या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरून. तीन, आपल्या पॅकेजात स्वतःच बांधून द्यायची.

बांधून देणं सोपं वाटतं. वापरणाऱ्याला काहीच करावं लागत नाही, आणि आपण तपासलेलीच आवृत्ती चालते. पण बांधलेली प्रत तुमची होते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या लिबवेबपी लायब्ररीत एक गंभीर दोष उघड झाला. नुसतं चित्र उघडल्याने हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. ज्या प्रोग्रामांनी लिनक्सच्या वितरणाची लायब्ररी वापरली होती, त्यांच्यासाठी वितरणाने एक पॅकेज दुरुस्त केलं की काम झालं. ज्यांनी आपापली प्रत बांधली होती, त्या प्रत्येकाला नवी आवृत्ती काढावी लागली. क्रोम, फायरफॉक्स आणि इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेली कितीतरी ॲप्स त्यात होती. पिलोच्या पायपीआयवरच्या तयार पॅकेजांतही लिबवेबपी बांधलेली असते, म्हणून पिलोलाही १०.०.१ ही आवृत्ती काढावी लागली. आमच्या प्रोग्रामने पिलोची आवृत्ती पक्की बांधून ठेवली असती, तर दुरुस्ती तयार असूनही वाचनालयाच्या संगणकापर्यंत ती पोचली नसती.

याच कारणासाठी डेबियनच्या धोरणात दुसऱ्या प्रकल्पाच्या कोडची प्रत आपल्या पॅकेजात ठेवणं टाळायला सांगितलं आहे. काही जणांना हा हट्ट वाटतो. लिबवेबपीचा तो आठवडा पाहिल्यावर मला तो वाटत नाही.

मग बांधायचं केव्हा? मी तीन प्रश्न विचारतो. ही गोष्ट बाहेरून आलेला, अविश्वासू डेटा वाचते का? वाचत असेल, तर ती शक्यतो सिस्टीमकडे ठेवावी. वापरणाऱ्याच्या सिस्टीमला पॅकेज व्यवस्था आहे का? विंडोजवर बहुतांश लोकांसाठी ती नसल्यातच जमा, त्यामुळे तिथे बांधणं भाग पडतं. आणि दोष निघाला, तर आठवड्याभरात नवी आवृत्ती काढायला आपल्याकडे माणूस आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे नाही असेल, तर बांधू नका.

आमची वाटणी अशी झाली. लिनक्सवर टेसरॅक्ट, मराठीचा डेटा आणि फ्रिबिडी सिस्टीमकडून. पायथनची पॅकेजं पायपीआयवरून. फाँट आमच्या पॅकेजात. विंडोजवर सगळंच आमच्या संचात, आणि त्यासाठी एक माणूस नेमलेला.

फ्रिबिडीचं थोडं सांगायला हवं, कारण वेलांटीचा घोळ तिथे होता. देवनागरी नुसती एकापुढे एक अक्षरं मांडून लिहिता येत नाही. वेलांटी मागे न्यावी लागते, जोडाक्षरं जुळवावी लागतात, रफार वर चढवावा लागतो. पिलोमध्ये हे काम रक्म नावाची लायब्ररी करते. ८.२.० पासून पिलोच्या तयार पॅकेजांत रक्म येते, पण तिला लागणारी फ्रिबिडी मात्र ती चालताना संगणकावर शोधते. सापडली नाही, तर पिलो काही न बोलता साध्या मांडणीवर उतरतं. त्रुटी येत नाही, प्रोग्राम बंद पडत नाही, फक्त मराठी चुकीचं छापलं जातं. इंग्रजीत काम करणाऱ्याच्या हे कधीच लक्षात येणार नाही. मराठी, हिंदी, कन्नड लिहिणाऱ्यांनी आपल्या यादीत ही नोंद स्वतःहून करायला हवी.

पायरी ५: आवृत्त्या

इथे एक भेद मनात पक्का ठेवा. दुसरे लोक आपल्या प्रोग्राममध्ये आयात करतील अशी लायब्ररी तुम्ही लिहीत असाल, तर आवृत्त्यांना मोकळी मर्यादा द्या: किमान कुठली चालते ते सांगा आणि वरची सीमा ठोस कारणाशिवाय घालू नका. उगाच वरची सीमा घातली, की दुसऱ्या कुणाच्या मागणीशी तिचा मेळ बसत नाही आणि पिप हात टेकतं. पण तुम्ही थेट वापरण्याचा प्रोग्राम देत असाल, तर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये मोकळी मर्यादा ठेवा आणि त्याशिवाय एक लॉक फाइल ठेवा, ज्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि तिचा हॅश (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहायचा ठसा) असेल. यूव्ही, पोएट्री किंवा पिप-टूल्स यातलं कुठलंही साधन ही फाइल तयार करतं.

किमान आवृत्ती अंदाजाने लिहू नका. सर्वांत जुन्या मान्य आवृत्त्या टाकून चाचण्या चालवा, आणि सर्वांत नव्या टाकूनही. पायथनची किमान आवृत्तीही ‘रिक्वायर्स-पायथन’मध्ये नोंदवा. ती नोंद असली, की जुन्या पायथनवर पिप आपोआप तुमच्या जुन्या, चालणाऱ्या आवृत्तीकडे वळतं.

लॉक फाइल केली म्हणजे काम संपलं असं नाही. महिन्यातून एकदा ती नवी करून चाचण्या चालवायचा दिवस ठरवा. आमचा पहिला शनिवार असतो.

पायरी ६: पायथनचं पॅकेज

पायपीआयवर दोन गोष्टी चढवायच्या असतात: मूळ कोडची सोर्स डिस्ट्रिब्यूशन आणि व्हील, म्हणजे थेट बसवता येईल असं तयार पॅकेज. व्हील बसवताना तुमचा कुठलाही कोड चालत नाही, फक्त फायली जागच्या जागी उलगडतात. हे चांगलंच आहे. पण त्याचा अर्थ असा, की ‘इन्स्टॉल होतानाच मराठीचा डेटा डाउनलोड करू’ ही युक्ती व्हीलमध्ये चालणार नाही, आणि चालवायचा प्रयत्नही करू नये. इन्स्टॉल करताना गुपचूप इंटरनेटवर जाणारं पॅकेज बंद जाळ्यात मोडतं, आणि डेबियनच्या बिल्डमध्ये तर इंटरनेट नसतंच. डेटा मोठा असेल, तर ‘डेटा आणा’ अशी स्वतंत्र, स्पष्ट आज्ञा द्या. ती काय आणते, कुठे ठेवते ते तिने सांगावं आणि उतरलेल्या फाइलचा हॅश पडताळून पाहावा.

तुमच्या पॅकेजात सी भाषेतला कोड असेल, तर लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत सी लायब्ररीची काळजी घ्यावी लागते. नव्या जीलिबसीवर बांधलेली (बिल्ड केलेली) फाइल जुन्यावर चालत नाही. जुन्यावर बांधलेली नव्यावर चालते. म्हणून व्हील मुद्दाम जुन्या सिस्टीमवर बांधतात. अनेक लिनक्सवर चालणाऱ्या अशा व्हीलच्या मापदंडाचं मेनीलिनक्स हे नाव त्यातूनच आलं. मेनीलिनक्स २०१४ हा सेंटओएस ७ या लिनक्स वितरणावर, जीलिबसी २.१७ वर बेतलेला होता. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला, आणि त्यानंतरचा टप्पा अल्मालिनक्स ८ वरचा, जीलिबसी २.२८ चा. सीआयबिल्डव्हील हे साधन हे सगळं तुमच्या वतीने करतं. लिनक्सवर ऑडिटव्हील, मॅकवर डेलोकेट आणि विंडोजवर डेल्व्हव्हील बाहेरच्या लायब्ररी व्हीलमध्ये आणून बसवतात. ती बसली, की पायरी ४ मधली जबाबदारी तुमच्यावर आली, हे विसरू नका.

वापरणाऱ्यांसाठीच्या सूचनांत नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहू नका. डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकू पाहिलं, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ अशी त्रुटी येते. सिस्टीमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात आणि ती मोडू नयेत म्हणून ही अडवणूक आहे. ती ओलांडायचा ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ हा पर्याय बऱ्याच ठिकाणी उपाय म्हणून सांगितलेला दिसतो. कृपा करून तो आपल्या सूचनांत लिहू नका. चालवण्याच्या प्रोग्रामसाठी पिपएक्स सांगा. ते प्रत्येक प्रोग्रामला त्याचं वेगळं वातावरण देतं आणि आज्ञा मात्र सगळीकडून चालते.

पायरी ७: लिनक्सची पॅकेजं

एकच मराठी डेटा डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ या नावाने मिळतो, फेडोरात ‘टेसरॅक्ट-लँगपॅक-मार’ आणि आर्चमध्ये ‘टेसरॅक्ट-डेटा-मार’. नुसतं टेसरॅक्ट टाकलं, तर डेबियनमध्ये इंग्रजी येतं, मराठी नाही. आमच्या पहिल्या दिवसाचे दोन तास इथेच गेले. सूचनांमध्ये ‘टेसरॅक्ट इन्स्टॉल करा’ असं न लिहिता प्रत्येक वितरणासाठी पूर्ण आज्ञा द्या, जशीच्या तशी चिकटवता येईल अशी.

डेबियन-उबुंटूसाठीचं डेब पॅकेज करणार असाल, तर डिपेंडन्सीच्या पायऱ्या समजून घ्या. ‘डिपेंड्स’मध्ये तेच घाला ज्याविना प्रोग्राम निरर्थक आहे. ‘रेकमेंड्स’मधलं सहसा आपोआप येतं, पण नाकारता येतं. ‘सजेस्ट्स’ ही नुसती सूचना. आमच्याकडे मराठीचा डेटा डिपेंड्समध्ये आहे, हिंदी आणि संस्कृतचा सजेस्ट्समध्ये. फ्रिबिडी आधी रेकमेंड्समध्ये होती. वेलांटीच्या अनुभवानंतर ती डिपेंड्समध्ये गेली.

वेगवेगळ्या लिनक्सवर चालणाऱ्या पॅकेजासाठी फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज यात निवड करायची, तर पडद्यावर खिडकी उघडून चालणाऱ्या प्रोग्रामसाठी फ्लॅटपॅक बरं, कारण खालचा सामाईक रनटाइम दुसरे लोक सांभाळतात. ॲपइमेज एकाच फाइलमध्ये सगळं देतं, पेन ड्राइव्हवरून नेता येतं, पण आतल्या प्रत्येक लायब्ररीची जबाबदारी तुमची. शिवाय उबुंटू २२.०४ पासून जुन्या पद्धतीच्या ॲपइमेजला लागणारी फ्यूज २ लायब्ररी मुळात बसवलेली नसते, त्यामुळे दोनदा क्लिक केल्यावर काहीच घडत नाही आणि माणूस गोंधळतो.

पायरी ८: विंडोज

आमचे निम्म्याहून जास्त वापरकर्ते इथे आहेत. त्यांना पायथन टाकायला सांगायचं नाही, असं ठरवून टाका. पायइन्स्टॉलरने प्रोग्राम आणि पायथन एका फोल्डरमध्ये गोळा करा. एकच फाइल करण्याचा पर्याय मोहक आहे, पण ती फाइल दर वेळी सुरू होताना स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. जुन्या संगणकावर ते हळू चालतं आणि अँटिव्हायरसही संशय घेतात. फोल्डर करा आणि त्याला इनो सेटअपने इन्स्टॉलर चढवा. पायइन्स्टॉलर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं तिच्यासाठीच बांधतं. लिनक्सवर बसून विंडोजचा संच होत नाही, हे वेळापत्रकात धरा.

टेसरॅक्टचा विंडोज इन्स्टॉलर जर्मनीतल्या मॅनहाइम विद्यापीठाचं ग्रंथालय बांधून देतं. जुनी जर्मन वर्तमानपत्रं वाचायला त्यांनी टेसरॅक्ट घेतलं आणि केलेलं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आमच्या संचातलं टेसरॅक्ट तिथलंच आहे. एका ग्रंथालयाचं काम असं दुसऱ्या वाचनालयापर्यंत पोचतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

दोन गोष्टी नक्की करा. इन्स्टॉलर प्रशासकाच्या पासवर्डविना, त्या वापरकर्त्यापुरता बसेल असा ठेवा. इनो सेटअपमध्ये ‘प्रिव्हिलेजेस रिक्वायर्ड’ला ‘लोएस्ट’ दिलं की झालं. वाचनालयात, शाळेत तो पासवर्ड समोरच्या माणसाकडे नसतो. दुसरं, वापरकर्त्याचं नाव देवनागरीत असलेल्या आणि मध्ये जागा असलेल्या खात्यावर चाचणी घ्या. फोल्डरच्या वाटेत देवनागरी आली, की खालच्या एखाद्या जुन्या सी लायब्ररीला फाइल सापडत नाही. हा दोष आपल्या लोकांनीच शोधायला हवा, कारण इतरांकडे तो दिसत नाही.

डिजिटल सही नसलेला इन्स्टॉलर विंडोजचं स्मार्टस्क्रीन हे सुरक्षा-कवच अडवतं. सहीचं प्रमाणपत्र परवडत नसेल, तर तो पडदा कसा दिसेल याचं चित्र सूचनांत द्या, आणि पुढे जाण्याआधी फाइलचा हॅश कसा ताडून पाहायचा तेही लिहा.

पायरी ९: इंटरनेट नसताना

डोंगरातल्या गावात, शाळेच्या प्रयोगशाळेत, सरकारी कचेरीतल्या बंद जाळ्यात तुमचा प्रोग्राम जाईल असं धरून चाला. चांगलं जाळं असलेल्या संगणकावर ‘पिप डाउनलोड’ने सगळी व्हीलं एका फोल्डरमध्ये उतरवा. ज्या मशीनवर जायचं आहे त्याचा प्लॅटफॉर्म आणि पायथनची आवृत्ती आज्ञेत सांगा, आणि ‘ओन्ली बायनरी’ मागा. फोल्डर पेन ड्राइव्हवर न्या. तिथे ‘नो इंडेक्स’ आणि ‘फाइंड लिंक्स’ हे पर्याय देऊन इन्स्टॉल करा, म्हणजे पिप बाहेर जाणारच नाही. निघण्यापूर्वी हे सगळं घरी वायफाय बंद करून एकदा करून बघा. राहून गेलेली वस्तू तिथे घरबसल्या कळते.

पायरी १०: ‘तपासा’ नावाची आज्ञा

सगळ्या खटपटीत सर्वांत कमी श्रमात सर्वांत जास्त फायदा आम्हाला या आज्ञेने दिला. साधारण शंभर ओळींचा कोड आहे. ती टेसरॅक्ट सापडतं का ते बघते, त्याची आवृत्ती विचारते, भाषांच्या यादीत ‘मार’ (मराठीचा भाषा-संकेत) आहे का ते पाहते, पिलोला रक्म वापरता येते का ते पिलोच्याच ‘फीचर्स’ मॉड्यूलला विचारते, फाँट उघडते, आणि फायली ठेवायच्या फोल्डरमध्ये लिहिता येतं का तेही आजमावते. काही अडलं, तर ‘फाइल नॉट फाउंड’ असं न म्हणता मराठीत सांगते: ‘टेसरॅक्ट ५ सापडलं, पण त्यात मराठी नाही. उबुंटूवर पुढची आज्ञा द्या.’ आणि खाली ती आज्ञा.

ही तपासणी इन्स्टॉल झाल्यावर लगेच आपोआप चालवा, आणि मदत मागणाऱ्याला तिचाच निकाल पाठवायला सांगा. फोनवरची पाऊण तासाची चौकशी तीन मिनिटांवर येते. जे अडलं त्याने संपूर्ण प्रोग्राम थांबू नये हेही बघा. रक्म नसेल, तर सूचिपत्रक बनवणं थांबवा, पण मजकूर काढू द्या. चुकीचं मराठी छापण्यापेक्षा न छापणं बरं.

पायरी ११: कोऱ्या मशीनवर, दुसऱ्याच्या हातून

प्रत्येक बदलानंतर डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि विंडोज यांच्या कोऱ्या प्रतींवर इन्स्टॉल करून एक छोटी पीडीएफ वाचून बघणारी चाचणी स्वयंचलित ठेवा. चाचणी रेपोतल्या कोडवर न घेता बांधलेल्या पॅकेजवर घ्या. फाँट पॅकेजात घालायचा राहिला, तर रेपोत सगळं चालतं आणि पॅकेजात मोडतं. आमच्याबाबतीत अगदी हेच झालं होतं.

मग एका माणसाला समोर बसवा, हातात फक्त सूचना द्या आणि गप्प राहा. तो जिथे थांबेल तिथे सूचना दुरुस्त करा.

पायरी १२: प्रकाशन, सुधारणा आणि काढून टाकणं

मार्च २०२४ मध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती सुरू करणारा बिल्डचा तुकडा गिट या नोंदसाधनातल्या कोडमध्ये नव्हता, प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यात, होता. जो कोड लोक वाचत होते तो आणि जो बांधला जात होता तो वेगळे होते. म्हणून आमचं प्रकाशन आता कुणाच्या लॅपटॉपवरून होत नाही. गिटमध्ये टॅग (आवृत्तीची खूण) लागला, की सीआय, म्हणजे बांधणी आपोआप करणारी यंत्रणा, त्या टॅगवरून सगळं बांधतं आणि पायपीआयच्या ट्रस्टेड पब्लिशिंगने चढवतं. त्यात कुठलाही कायमचा पासवर्ड साठवावा लागत नाही. प्रत्येक फाइलचा हॅश आणि आत काय काय बांधलं आहे त्याची सायक्लोनडीएक्स पद्धतीची यादीही सोबत जाते. लिबवेबपीसारखा दोष पुन्हा निघाला, तर आपल्या कुठल्या आवृत्त्यांत तो आहे हे त्या यादीवरून लगेच कळतं.

प्रोग्राम काढून टाकायची सोय आधीच करा. वापरकर्त्याने काढलेला मजकूर आणि सूचिपत्रकं प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. काढताना ती सोबत जातील. आमची माहिती ‘डॉक्युमेंट्स’मध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि इन्स्टॉलर तिला हात लावत नाही.

वाचनालयात आता सुधारणा आली, की तिथल्या बाई पेन ड्राइव्ह लावतात, इन्स्टॉलर चालवतात, ‘तपासा’च्या पडद्यावरच्या सहाही ओळी हिरव्या झाल्या का ते बघतात आणि तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवतात.